वालाची मुळे किती खोल गेली

नोकरीतली बहुतेक वर्षे मी पिकांची मुळे मोजली. हे काम कसे चालते ते आधी सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. जमिनीत लोखंडी नळा ठोकायचा आणि वीतभर मातीचा गोळा वर काढायचा. मग त्याच भोकातून पुढची वीत, मग त्याच्या खालची. प्रत्येक वितीची माती वेगळ्या घमेल्यात भिजत घालायची आणि भिजली की बारीक चाळणीवर धुवायची. माती वाहून जाते, मुळे राहतात. ती स्पिरिटच्या बाटलीत भरून बाटलीवर खोली लिहायची. पुढे कार्यालयात काचेखाली चौकटींचा कागद ठेवून मुळे काचेवर पसरायची आणि ती किती रेघांना छेदतात ते मोजायचे. त्यावरून मुळांची लांबी निघते. भिंग, चिमटा आणि तासन्‌तास मान खाली घालून बसण्याची तयारी एवढे साहित्य पुरते.

कार्यालय रोह्याला होते. मी अष्टमीत एका खोलीत राहत असे आणि सकाळी पूल ओलांडून कामाला जात असे. धाटावच्या कंपन्या तेव्हा वाढत होत्या. पुलाच्या तोंडाशी पहिल्या शिफ्टची माणसे बसची वाट पाहत उभी असत. आठवड्यातून दोन दिवस मीही एस.टी. धरून वडखळला उतरत असे आणि तिथून सायकलने पेणच्या खाडीकडच्या एका गावी जात असे. सायकल एका दुकानदाराकडे ठेवलेली असे. शेवटचे मैलभर अंतर खाडीच्या बांधावरून जावे लागे. एका बाजूला खाडीचा चिखल, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे, आणि मध्ये चार हात रुंदीचा मातीचा बांध.

प्रश्न साधा होता. रोह्याकडच्या आतल्या गावांत भात कापले की त्याच ओलीवर वाल पेरतात. पाणी द्यावे लागत नाही. जमिनीत मुरलेली ओल आणि पहाटेचे दव यांवर शेंगा धरतात. खाडीकाठच्या खार जमिनीत मात्र भातानंतर काहीच होत नाही. माघ-फाल्गुनात जमीन सुकू लागली की खालचे मीठ ओलीबरोबर वर चढते आणि ढेकळांवर पांढरा थर धरतो. आमच्या प्रमुखांचे म्हणणे असे की पावसाने वरचे दोनतीन फूट धुतले गेलेले असतात. मीठ वर येण्यापूर्वी वालाचे मूळ तिसऱ्या-चौथ्या वितीपर्यंत पोहोचले, तर मधल्या गोड ओलीवर पीक निभावेल. पोहोचले नाही, तर नाही. मूळ किती खोल जाते एवढेच मला शोधायचे होते.

प्रयोगाला जमीन दोन भावांच्या समाईक खाचरातली मिळाली. थोरला मिठागरावर कामाला जाई, शेती धाकटा पाहत असे. मुळे धुण्यासाठी मला एक माणूस हवे होते, तेव्हा धाकट्याने आपल्या भावजयीचे नाव सुचवले. ती चाळिशीची असावी, मी तिशीचा होतो. तिचे माहेरही मिठागरावरचे. चिखलातून काही वेचायचे तर तिच्याइतका सराईत हात मी पुढेही पाहिला नाही.

बांधाच्या आडोशाला चार घमेली मांडून ती बसे. पाणी गावच्या तळ्यातून आणावे लागे. तळे पिण्याचे होते, आणि माती धुण्यासाठी ते पाणी वापरणे बायकांना रुचत नसे. हंडे घेऊन जाताना त्या थांबत.

"काय गो, चिखल धुतेस? उजळला का?"

"सायबाचा चिखल हाय," ती मान वर न करता म्हणे. "त्याला येळ लागतो."

मी अशा वेळी खाकरत असे आणि बायका पुढे जात. कामाच्या जागी बोलायचे नाही असा माझा नियम होता. आधीच्या एका ठिकाणी गड्यांच्या गप्पांत बाटल्यांची अदलाबदल होऊन महिन्याचे काम फुकट गेले होते. पहिल्याच दिवशी मी तिला हे सांगितले. तिने मान हलवली आणि नियम पाळला. मला काही विचारायचे नाही आणि आपणहून काही सांगायचे नाही, असा तिने त्याचा अर्थ घेतला. तो बरोबर होता. माझ्या मनातही तेच होते.

ती धुतलेली मुळे चाळणीच्या कडेला दोन लहान पुंजक्यांत ठेवी. मी ते रोज पाहत होतो. बारीक आणि जाड अशी ती निवड करीत असावी असे मी धरून चाललो. माझ्या मोजणीला जाडीचा संबंध नव्हता, म्हणून दोन्ही पुंजके मी चिमट्याने एकाच बाटलीत ढकलत असे. मी तसे करताना ती एकदा माझ्याकडे बघत राहिली होती. मग तिने पुढचे घमेले ओढले.

त्या वर्षी वालाच्या शेंगा पाहायला मिळाल्या नाहीत. भात कापल्यावर त्या गावी गुरे मोकळी सोडत. सगळी खार रिकामीच असल्यामुळे त्यात कुणाचे नुकसान नसे. पौषात गुरांनी आमचा पट्टा दोन दिवसांत साफ केला. कुंपण करायचे मला सुचले नव्हते, कारण मी आतल्या भागातला, आणि आमच्याकडे या दिवसांत गुरे बांधलेली असतात. पीक निभावले असते की नाही हे त्यामुळे कळले नाही. मुळांच्या बाटल्या तेवढ्या हाती राहिल्या. सगळा निर्णय त्यांवर आला.

पावसाळाभर मी रोह्याला बसून मोजणी केली. स्पिरिटमध्ये सहा महिने राहिलेली मुळे एकाच रंगाची होतात, पातळ चहासारखी. पहिल्या वितीत ती भरपूर होती, दुसरीत कमी झाली. तिसऱ्या-चौथ्या वितीत ती आणखी कमी व्हायला हवी होती, ती पुन्हा वाढली. मला याचे नवल वाटले, पण संशय आला नाही. मी पुन्हा मोजले. आकडे तेच आले. प्रमुखांपुढे आकृती ठेवली तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे खाली ओल आहे आणि मूळ तिच्या शोधात गेले आहे." त्यांनी ते वाक्य अहवालात घातले. खाली सही माझी होती.

भातकापणीच्या आधी गावच्या देवळापुढे बैठक झाली. मी आकृती खांबाला टांगली आणि वालाचे मूळ चार विती खाली जाते हे सांगितले. एक म्हातारा पुढे सरून आकृतीकडे डोळे बारीक करून पाहू लागला.

"सायेब, वाल तं आमी पायलाच नाय. गुरांनी खाल्ला. आता मुळांची भाजी करू काय?"

माणसे हसली. गुरे बांधली तर शेंगाही दिसतील, असे मी म्हणालो. त्यावर जरा गडबड झाली. गुरे बांधायची म्हणजे पेंढा घालावा लागणार, आणि पेंढा घरे शाकारायला ठेवलेला. शेवटी माझ्या प्रयोगाचा जमीनमालक, तो धाकटा भाऊ, उठला. गाव एक वर्ष गुरे आवरणार असेल तर मी सगळ्या खाचरात वाल पेरतो, असे तो म्हणाला. त्याची बायको रोह्याच्या आतल्या अंगाची. बी तिच्या माहेरून आणता येणार होते. तिथे घरोघरी वाल राखेत घोळून मडक्यात ठेवतात. त्यातले बहुतेक पेरायला असतात, उरलेले पावसाळ्यात खायला. गावाने हो-ना करत मान्य केले. भावजय बायकांत बसून ऐकत होती.

भात कापून झाल्यावर मी पुन्हा नळा घेऊन गेलो. पेरणीआधीची जमीन कशी असते याचे नमुने मागच्या वर्षी राहून गेले होते, ते घ्यायचे होते. कापलेल्या भाताची धसकटे उभी होती आणि पायाखाली ओल लागत होती. मागच्या वर्षी जिथे वाल नव्हता अशा टोकाला मी नळा ठोकला. चौथ्या वितीची माती निळसर, चिकट निघाली. तिने ती घमेल्यात घेतली, भिजवली, धुतली. चाळणीच्या कडेला एकच पुंजका होता.

मी तो हातावर घेतला. तांबूस-काळी, मऊ, दाबली तर पाणी सुटणारी मुळे. त्या जागी वाल कधीच पेरलेला नव्हता. भाताचे मूळ इतके खाली जात नाही.

"ही कशाची?" मी विचारले. कामाच्या जागी मी तिला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"तिवराची," ती म्हणाली. "दुसरी कशाची असनार? सासूबायच्या येळंला बांध फुटला व्हता. खाडी आत आली. पंधरा-वीस वर्सं हितं तिवरांचं रान व्हतं. मंग सरकारनं बांध घातला, आमी तिवरं तोडली. खालची तशीच रायली. खारात कुजत नाय ती."

"मागच्या वर्षीही निघत होती?"

"सगल्या घमेल्यात. खालच्या दोन घमेल्यांत तं हीच व्हती. मी वायली काढून ठेवत व्हते की. वालाची पांढरी एका अंगाला, खाडीची एका अंगाला." तिने चाळणी बाजूला ठेवली. "तुमी दोनी एकत्र घालत व्हता. मना वाटला, तुमचा हिशेब तसाच असल."

मला पुढचे काही विचारावे लागले नाही. तिसऱ्या आणि चौथ्या वितीत मी मोजलेली मुळे एका मेलेल्या खारफुटीच्या जंगलाची होती. वालाचे मूळ दुसऱ्या वितीच्या खाली गेल्याचा माझ्याजवळ कोणताही पुरावा नव्हता.

नळा धुऊन मी खळ्यावर गेलो. तिचा दीर भात झोडत होता. खळ्याच्या कडेला गोणी टेकवून ठेवली होती, आणि तिच्या तोंडाशी राखेचा करडेपणा दिसत होता.

"सायेब, बी आलं," तो म्हणाला. "सासऱ्यानं पेरायचं दिलं नि खायचंबी दिलं. मी म्हनलं, सगलंच पेरतो. परवा हात घालतो, ओल हाय तवर. चालंल ना?"

त्याने हात थांबवला होता आणि तो उत्तराची वाट पाहत होता.

मी म्हणालो, "बरं."

हा शब्द मी का उच्चारला याची कारणे मी तेव्हा मनाशी मांडली होती, आणि ती सर्व नीटनेटकी होती. अहवाल माझा एकट्याचा नव्हता. प्रमुखांना न कळवता गावात दुरुस्ती सांगणे शिस्तीला धरून नव्हते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये असे मला शिकवले होते. शिवाय मूळ खोल जात नाही हेही अजून सिद्ध झालेले नव्हते. खोल जाते हे सिद्ध झालेले नाही, एवढेच खरे होते. या कारणांतले एकही खोटे नव्हते. वडखळच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहताना मी ती पुन्हा एकदा मोजली.

प्रमुख दौऱ्यावर होते. सहा दिवसांनी आले. मी सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती बाई सांगते म्हणून?"

"मी स्वतः पाहिले."

"आणखी दहा नमुने घ्या. मग बोलू."

"तोवर पेरणी झालेली असेल."

"ती तर झालीच असेल," ते म्हणाले. ते बरोबर होते. ज्या दिवशी ते परतले त्याच्या चार दिवस आधी दिराने खाचर पेरून संपवले होते.

दहा नमुने मी घेतले. तिने ते धुतले आणि दोन पुंजक्यांत ठेवले, आणि या खेपेला मी दोन बाटल्या वापरल्या. वाल उगवला होता. मार्गशीर्षात खाचर हिरवे दिसत होते, आणि बांधावरून जाणारी माणसे थांबून पाहत. गावाने शब्द पाळला होता. गुरे दावणीला होती आणि दारादारातल्या पेंढ्याच्या गंजी उतरत चालल्या होत्या. मी दर खेपेला पानांच्या कडा तपासत असे. त्या दोन महिन्यांत मी मनापासून इच्छिले की माझी चूक चुकीची ठरावी. तिला मी यातले काही सांगितले नाही. माझे दोन बाटल्यांत भरणे ती पाहत होती. तिला कळले असावे असे मला आज वाटते. पण सांगणे तिचे काम नव्हते, माझे होते.

पौषाच्या अखेरीस पानांच्या कडा करपल्या. माघात फुले आली ती गळली. एका दिवशी बांधावर चढलो तेव्हा खाचर दुरूनच तपकिरी दिसले. दीर आणि भावजय दोघेही शेतात उभे होते. दिराच्या हातात उपटलेले रोप होते. मी ते घेतले. मूळ दीड वीत सरळ उतरले होते आणि तिथे काटकोनात वळून आडवे पसरले होते. इतके स्पष्ट वळण मी कोणत्याही प्रयोगात पाहिले नव्हते.

"मीठ लागलं त्याला," दीर म्हणाला. "तुमी चार विती म्हनला व्हता."

मी त्याला सर्व सांगितले. तिवराची मुळे, एकत्र केलेले पुंजके, बाटल्या, आकृती. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्याने भावजयीकडे पाहिले आणि तिने मान हलवली.

"चूक होते मानसाची," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "कवा कललं तुमाला?"

मला खोटे बोलता आले असते. दहा नमुन्यांची मोजणी नुकतीच संपली होती, आणि आत्ताच कळले असे म्हणणे अर्धे खरेही ठरले असते. तो तेच उत्तर घ्यायला तयार होता. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"पेरणीच्या आधी," मी म्हणालो. "तू खळ्यावर होतास त्या दिवशी."

त्याने माझ्या हातातले रोप काढून घेतले आणि शेताच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागला. हाका मारण्याचे कारण नव्हते. ती मात्र थांबली.

"सायेब," ती म्हणाली, "मूळ चुकलं ते जाऊ द्या. आमालाबी ठाव नव्हतं ते किती खाली जातं. पन पेरायच्या आधी एक शबूद टाकला असतात, तं ते बी आमी खाल्लं असतं. अख्खी गोन व्हती. पोरांना पावसाल्यात पुरली असती."

तिने पदर खोचला आणि वाळलेली रोपे उपटायला वाकली, कारण भाताआधी जमीन मोकळी करायलाच हवी होती. मीही वाकलो. तिने मला नको म्हटले नाही, आणि थांब असेही म्हटले नाही. आम्ही ऊन चढेपर्यंत एकेका सरीने रोपे काढत गेलो. प्रत्येकाचे मूळ त्याच जागी वळलेले होते.

त्या पावसाळ्यात तिने माझे काम घेतले नाही. मी विचारायला गेलो होतो. दार तिच्या नवऱ्याने उघडले आणि ती मिठागरावर गेल्याचे सांगितले. पावसाळ्यात मिठागरे बंद असतात. ते त्याला ठाऊक होते आणि मलाही.

दुरुस्तीचा अहवाल मी स्वतः लिहिला. खार जमिनीत वालाचे मूळ दीड वितीखाली जात नाही. आधीच्या मोजणीत तिवराच्या मृत मुळांचा समावेश झाला होता. नमुने धुणाऱ्या स्त्रीने ती वेगळी काढली होती, नोंद करणाऱ्याने ती एकत्र केली. ही चूक पेरणीपूर्वी लक्षात आली होती, परंतु शेतकऱ्यास कळवण्यात आली नाही. प्रमुखांनी मसुदा वाचला आणि शेवटच्या वाक्यावर लाल रेघ मारली. "याचा मुळांशी काही संबंध नाही," ते म्हणाले. संशोधनाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे योग्य होते. अहवाल त्या वाक्याशिवाय गेला, आणि तो आजही तसाच कुठल्यातरी कपाटात असेल. ते वाक्य मी इथे लिहून ठेवतो आहे.